काश्यपगोत्री अकरा जण

फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये देवघर आणि टीव्ही एकाच भिंतीला आहेत. मुलीने घर घेतले तेव्हा ईशान्य कोपरा तेवढाच मोकळा होता. स्पेनमधील शनिवार-रविवारचे सामने येथे बहुधा सकाळी दिसतात. माझ्या पूजेची वेळही तीच. त्यामुळे तिकडच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचा एक संपूर्ण हंगाम, ऑगस्टपासून मेपर्यंत, गंध उगाळता उगाळता माझ्या कानांवरून गेला.

माझ्या नातीने कॉलेजचे एक सत्र स्पेनच्या किनाऱ्यावरील एका लहान गावात काढले होते. ज्या वृद्ध विधवा बाईंच्या घरी ती राहिली, त्या तिला गावच्या संघाचे सामने पाहायला नेत आणि मैदानावरील दिवंगत पतीच्या राखीव खुर्चीवर आपल्या शेजारी बसवीत. परतल्यावर तो संघ नातीचा झाला. संघ दुबळा होता. वीस संघांपैकी वर्षअखेर तळाचे तीन खालच्या श्रेणीत जातात, हे तिने मला अनेकदा समजावले आणि मी प्रत्येक वेळी मान हलवली. संघ खाली गेला तर तो पुन्हा वर येईपर्यंत आपण असू की नाही, असे त्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या. नात तेव्हापासून अस्वस्थ होती.

एप्रिलच्या अखेरीस मी तुळशीची पाने निवडत असताना ती समोर येऊन बसली.

"आजोबा, एक फेव्हर. देवाला सांगा ना आमच्या टीमसाठी."

"तू सांग."

"मी रोज सांगते. पण मी इंग्लिशमध्ये सांगते. तुमचं ऑफिशियल असतं."

खेळाच्या निकालासाठी देवाला शिणवू नये, असे माझे मत होते आणि आजही आहे. परंतु मागणे एका दूरच्या वृद्धेसाठी होते. तीन आठवड्यांच्या जपाचा संकल्प करण्याचे मी मान्य केले.

संकल्पात स्थळ, काळ, ज्याच्यासाठी जप करायचा तो आणि त्याची कामना, हे सारे स्पष्ट उच्चारावे लागते. स्थळ म्हणून इकडचे गुरुजी सांगतात तसे क्रौंचद्वीप म्हटले. पुढे अडलो.

"संघाचं गोत्र काय?"

"आजोबा, सीरियसली?"

"ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचा प्रघात आहे."

"चालेल. गोलकीपरपण काश्यप?"

"अकराही जण."

कामना मात्र मी तिला न विचारता योजली. माझ्या बालपणीच्या आखाड्यात शेवटची कुस्ती जिंकणारा तो मोठा, एवढा हिशेब मला ठाऊक. म्हणून 'हंगामाच्या अंतिम सामन्यात विजय' असे म्हणून पळीभर पाणी ताम्हनात सोडले.

अंतिम दिवशी तळाच्या सर्व संघांचे सामने एकाच वेळी होते. पूजा लवकर आटोपून मी नातीशेजारी बसलो. उत्तरार्धात आमच्या संघाने एक गोल केला आणि तो शेवटपर्यंत राखला. शिट्टी झाली तेव्हा मी समाधानाने हात जोडले. नात फोनकडे पाहत होती.

"जिंकलो ना?" मी विचारले.

"जिंकलो. पण आमच्या वरचे होते ना, तेपण जिंकले. लास्ट मिनिटला. वी आर डाउन, आजोबा." मग एकदम माझ्याकडे वळून तिने विचारले, "तुम्ही काय मागितलं होतं?"

मी सांगितले.

"फक्त मॅच?"

"फक्त मॅच."

"आजोबा! वरती राहणं मागायचं होतं!" ती रडता रडता हसू लागली.

गुणतक्ता तिने पुन्हा समजावला. या वेळी मी ऐकला.

कामना पूर्ण झाली की उद्यापन करावे लागते, आणि उच्चारलेली कामना तर पूर्ण झाली होती. मी रवा भाजायला घेतला.

"बाबा, आज शिरा?" मुलगी म्हणाली. "ती बघा कशी बसलीये. थोडं तरी थांबा."

"नैवेद्य आजच दाखवायला हवा."

नैवेद्य झाल्यावर नातीने स्पेनला व्हिडिओ कॉल लावला. बाई मैदानावरून नुकत्याच परतल्या होत्या. संघाचा मफलर अजून गळ्यात होता. दोघींचे बोलणे मला कळत नव्हते. मध्येच नातीने शिऱ्याची वाटी कॅमेऱ्यासमोर धरून बराच वेळ काही सांगितले. बाई मोठ्याने हसल्या आणि माझ्याकडे बोट करून काही म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"विचारतायत, सेकंड डिव्हिजन ऑगस्टमध्ये सुरू होईल, तेव्हा तुम्ही फ्री आहात का?"

मी नातीपुढे कागद आणि पेन ठेवले. या वेळची कामना त्या दोघींनी ठरवावी असे सांगून भांडी आवरायला गेलो. परत आलो तेव्हा कागदावर चार ओळी होत्या आणि त्यांतील तीन खोडलेल्या होत्या. उरलेल्या ओळीत संघाचा विजय नव्हता. पुढच्या मेपर्यंत बाईंना आपल्या खुर्चीपर्यंत पायऱ्या चढता याव्यात, एवढेच होते.

बाईंचे गोत्र विचारले नाही. काश्यपच धरले.