गाडी चढाला ओढत नाय

दादा गेल्याचा निरोप शहापूरला शेजाऱ्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी आधी विचारलं, ‘‘गाडीवरून पडला का?’’ माझा थोरला भाऊ घरीच, खाटेवर, छातीत कळ येऊन गेला होता. पण गेली दोनेक वर्षं आमच्या घरात आजारी होती ती त्याची मोटारसायकल. दादालाच काही होईल, हे डोक्यात शिरेना... अजूनही नीटसं शिरलेलं नाही.

वैशाखऱ्याजवळच्या माझ्या माहेराहून मुरबाडला जायला ती जुनी टू-स्ट्रोक गाडीच त्याला लागायची. तिचा आवाज जरा बदलला की जेवणावरचं लक्ष उडालंच. मला ताप आला तर यांना दुसऱ्याकडून कळतं, असं वहिनी म्हणायची. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा पसरून राब भाजायला घेतला, की हा गाडीचा सायलेन्सर काढून त्या विस्तवात सरकवायचा. आतली काजळी जळून जायची आणि गाडी पुन्हा पळायला लागायची. गाव हसायचं, पण मग दोघा-चौघांनी आपापले सायलेन्सर त्याच्या राबात आणून टाकले.

नंतर मात्र सायलेन्सर भाजूनही घाटाकडच्या चढाला गाडी दम सोडते, असं तो म्हणायला लागला. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला, क्लचप्लेटा नव्या टाकल्या. मुरबाडच्या मेस्त्रीने स्वतः चालवून पाहिली, त्याला काही खोट सापडेना. तुझ्या दारात पळते, चढाला नाय ओढत, असं दादा त्यालाच सुनवून आला. मग मी माहेरी गेले की पदर खोचून गाडीपाशी. त्याने प्लग काढायचा, त्या भोकावर मी अंगठा दाबून धरायचा आणि त्याने किक मारायची. इंजिनात दाब असेल तर आतली हवा अंगठा उडवून लावते. ‘‘बाय, घट धर गो,’’ तो म्हणायचा. किक बसायची आणि माझ्या अंगठ्याला नुसती फुंकर लागायची. दाब नाही, मी सांगायचे. तो घाम पुसत ओट्यावर टेकायचा आणि पुन्हा विचारात पडायचा. शेवटी पिस्टनच्या रिंगाही नव्या घातल्या. फुंकर तेवढीच!

चढावर त्याच्या मागे बसलं की मलाही गाडी रेंगाळल्यासारखी वाटायची. आता वाटतं, तोच रेसची मूठ सैल सोडत असेल... का गाडीच थकली होती? कुणाला विचारू?

तेराव्यानंतर काही दिवसांनी शेणवे गावचा एक ओळखीचा माणूस विकत घ्यायला म्हणून गाडी बघायला आला. मजबूत अंगाचा, विटा वाहणारा. त्याने प्लग काढला आणि मी सवयीने पुढे होऊन अंगठा ठेवला. त्याने किक मारली. माझा अंगठा असा उडाला की हात खांद्यापर्यंत झिणझिणला. दाब झकास हाय, तो खूश होऊन म्हणाला. मी अंगठ्याकडे बघत उभी राहिले. गाडी तीच होती, अंगठाही माझाच होता. बदलला होता तो फक्त पाय.

तेवढ्यात वहिनी दारातून बाहेर आली. ती त्याला म्हणाली, ‘‘नाय रं बाबा, ती चढाला दम सोडते. त्यांनीच सांगितलंय. फसवून नाय इकायची मला.’’

त्याने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. वहिनीही बघत होती. दोन वर्षं ती दादाला पाणी नेऊन देत होती, त्याचा घाम पुसत होती आणि गाडीला शिव्या घालत होती.

‘‘खरंय,’’ मी म्हणाले. ‘‘गाडीतच खोट आहे.’’

तो निघून गेला. गाडी पडवीतच आहे. वहिनी तिच्यावरची धूळ रोज पुसते, आणि पुसता पुसता अजून तिलाच बोल लावते.