वार्तापत्रातलं अक्षर बदललं तेव्हा

मंडळी, नाशिकमधल्या तांत्रिक शिक्षणाच्या इतिहासासाठी मी एका शाळेची जुनी हस्तलिखित वार्तापत्रं वाचतेय. एका अंकापासून त्यातलं अक्षर बदलतं. लिहिणारा मुलगा पास होऊन गेला असेल, असं मला वाटलं होतं.

आज सातपूरला त्या शाळेचे माजी विद्यार्थी देवरामकाका यांना ते अंक दाखवले. अक्षर बदलण्याआधीचा शेवटचा अंक त्यांनी पुढे ओढला.

"हे माझं अक्षर. नंतर शाळेच्या लेथ मशीनवर उजव्या हाताची बोटं गेली."

"काका, पण पुढच्या अंकात अपघाताची बातमीच नाहीये."

"कशी असेल? बातम्या मीच लिहायचो ना. माझी कोण लिहिणार?"

त्यांनी चहा दिला, मी प्यायले. घरी आल्यापासून नुसती बसून आहे. राग नाही, रडूही नाही.

तुमच्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये कुणाला असं काही झालं होतं? ते कुणी लिहून ठेवलं होतं का?