पाठीवर थोपटून उठणारा

मी आयुष्यात कधी रग्बीचा चेंडू हातात धरलेला नाही. तरी एका आयरिश रग्बी खेळाडूची सगळी कारकीर्द मला तोंडपाठ आहे, कारण माझी नोकरीच तशी. सिंगापुरात बुकित बातोकच्या एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये बसून आम्ही युरोपातल्या क्लबांसाठी सामन्यांचे व्हिडिओ बघतो आणि मोजतो. खेळाडू आडवा झाला की एक बटण दाबायचं, दोन्ही पायांवर उभा राहिला की दुसरं. मधले सेकंद क्लबला जातात. जो पटकन उठतो, तो क्लबला हवा असतो. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "यासाठी इंजिनियर झालीस?"

तो माझा लाडका होता. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला कमरेत धरून पाडायचं, म्हणजे टॅकल करायचं, हे त्याचं मुख्य काम. अगदी कोवळा असताना आयर्लंडमधल्या आपल्या प्रांताच्या संघात आला, तेव्हाचे जुने सामने मी हौसेनं शोधून बघितले. पडल्यापडल्या उभा! मग फ्रान्समधल्या क्लबात गेला, खांदा निखळला, नाक दोनदा मोडलं, तरी उठणं तेच. अलीकडे त्याची एक रीत मला फार आवडायची. ज्याला पाडलं, त्याच्याच पाठीवर थोपटून तो उठायचा. त्या राड्यात एवढी माणुसकी कोण दाखवतं? नवरा चिडवायचा, "काय म्हणतोय तुझा आयरिश?"

गेल्या मोसमात त्याचा करार संपत आला होता. पुढची दोन वर्षं द्यायची की नाही, हे क्लब ठरवणार होता आणि त्यासाठी मोसमातल्या तोवरच्या सगळ्या सामन्यांचा अहवाल आमच्याकडून जायचा होता. प्रत्येक सामना आमच्याकडे दोघं जण वेगवेगळा मोजतात आणि असा मोठा अहवाल जायचा असला की आकडे ताडून बघतात. बॉसनं मला बोलावलं. बाकी सगळ्या खेळाडूंचे माझे आकडे जुळत होते. फक्त माझ्या आयरिशचेच सेकंद कमी होते, दर सामन्यात.

"यू लाइक हिम, इज इट?" तिनं विचारलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसरा माणूस झोपा काढत मोजतो, असं मी तिला तोंडावर सांगितलं.

"काउंट अगेन लाह. होल सीझन. फ्रायडे आय सेंड."

रागारागानं लॅपटॉप घरी आणला. सासूबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्या जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी शेजारी तेच तेच तुकडे मागेपुढे करत होते. चार-पाच वेळा बघून त्या म्हणाल्या, "याला गरगरतंय."

"कुणाला?"

"या तुझ्या पैलवानाला. मी नाही का उठताना ओट्याला हात लावत? तुम्हाला वाटतं भांडं घेतेय. दोन क्षण धरून ठेवते, मग जाते." आणि लगेच, "माझ्या लेकाला सांगू नकोस हं. उगाच डॉक्टरकडे नेईल." मी "बरं" म्हटलं.

मी व्हिडिओ हळू केला. तो थोपटत नव्हताच. पंजा समोरच्याच्या जर्सीत रुतवून धरत होता. गुडघा अजून जमिनीवर, नजर कुठेच नाही, आणि मग कुठे सरळ. पाठीवर हात पडला की तो उठलाच, असं धरून मी वर्षभर दुसरं बटण दाबत आले होते. आपला तो बाब्या! दुसऱ्या कुणाला मी असं अर्धवट उभा असताना पास केलं नसतं.

मला बसवेना. उठून ओटा पुसला, तो स्वच्छच होता. खाली गेले, ब्लॉकला दोन चकरा मारल्या, वर आले, पुन्हा खाली गेले. खरं लिहिलं तर त्याचा करार गेला. तो स्वतः लपवतोय, तर चव्हाट्यावर आणणारी मी कोण? आणि नाही लिहिलं तर आणखी दोन वर्षं तेच डोकं तसंच आपटणार. सगळ्यात जास्त हे टोचत होतं की माझ्या लाडापायी क्लबला वर्षभर 'हा ठणठणीत आहे' असंच कळत होतं. माझी मलाच लाज वाटली.

नवरा म्हणाला, "तू मोजणारी आहेस, डॉक्टर नाहीस." मी त्याला म्हटलं, आधी तुझ्या आईकडे बघ, आणि दिलेला शब्द मोडून सगळं सांगून टाकलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सगळे आकडे दुरुस्त करून दिले. खाली एक ओळ माझ्या मनानं घातली: उठताना दर वेळी आधार घेतो, डॉक्टरांनी बघावं. बॉसनं ती वाचली, "वी काउंट ओन्ली" म्हणाली. ओळ मात्र खोडली नाही.

मग महिनाभर माझा जीव टांगणीला. एमआरटी ट्रेनमध्ये बसले की फोन काढायचा आणि त्याच्या संघाची यादी बघायची. एका शनिवारी त्याचं नाव नव्हतं, पुढच्याही नव्हतं. मग बातमी आली: मेंदूच्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी खेळायला मनाई केली, निवृत्त.

मुलाखत मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बघितली. मला वाटलं होतं, आभारबिभार मानेल, निदान सुटका झाल्यासारखा दिसेल. कसलं काय! लालबुंद झाला होता. म्हणाला, माझ्यात अजून दोन वर्षं होती, ती कुठल्यातरी ऑफिसात बसून सेकंद मोजणाऱ्या लोकांनी घेतली, ज्यांनी कधी एक टॅकल खाल्लेली नाही. पुढे त्यानं आम्हाला दोन अस्सल शिव्या दिल्या. त्या आवाज बंद करून झाकल्या होत्या, पण ओठांवरून कळल्या.

मला रडू आलं. वाईट वाटलं म्हणून, आणि नुसतं तेवढ्यासाठीच नाही. तो पाच मिनिटं सलग भांडत होता, एकही शब्द न अडखळता, एकही नाव न विसरता. डोकं शाबूत होतं. दे बाबा, मनात म्हटलं. म्हातारा होईस्तोवर दे मला शिव्या.