दीड तासाचं विमान

नागपूर स्टेशनावर पुण्याची गाडी लागली होती आणि दादा मोबाइलवर दोन्ही शहरांची नावं टाकून तो बाबांच्या डोळ्यांपुढे धरत होता. "हे पाहा, हवेतून सहाशे किलोमीटर. दीड तासाचं त विमान आहे, लांब काय त्याच्यात?" बाबांनी चष्मा वर करून आकडा वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "मंग काय, सकाळी बोलावली का दुपारी जेवायला घरी. मी थांबतो जेवायचा," म्हणाले. मी निघाले रेल्वेने, पण त्यांच्या लेखी दीड तासावर राहायला गेले.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला लागले. माझ्यासारखे जे इकडे आलेत, त्यांना सांगायला नको की मोबाइल फक्त विमानाचा वेळ सांगतो. चाकणच्या तळेगाव चौकातून लोहगावच्या विमानतळापर्यंत किती वेळ लागेल, ते कंपन्यांची शिफ्ट कधी सुटते त्यावर असतं. घरी हे मी कधी नीट समजावलं नाही. ती माझी चूक.

बाबा गेल्याचा फोन दुपारी दोनला आला. गेटपास घेऊन टॅक्सीत बसले तोवर तीन वाजले आणि पहिली शिफ्ट सुटली. पुढे-मागे नुसत्या कंपन्यांच्या बस. "म्याडम, आता हाय तिथंच," म्हणत ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. साडेपाचचं विमान चुकलं. विमानतळावरून दादाला फोन केला, सकाळच्या पहिल्या विमानाने येते, बाबांचं तोंड पाहू दे, थांबा. तो हो म्हणाला आणि सातला त्याने अग्नी दिला. जमलेल्या लोकांना तो काय म्हणाला, ते मला आत्याकडून तेराव्याला कळलं. "दीड तासाचं त विमान. पाच तास झाले, आली नाही. यायचंच नसंन तिले."

ते वाक्य मी दोन वर्षं जपलं.

गेल्या महिन्यात दादाने विचारलं, पुण्यात काम आहे, एक दिवस तुझ्याकडे राहतो, कोणतं विमान घेऊ? मी म्हटलं, साडेतीनला सुटून पाचला उतरणारं घे, सातला जेवायला बसू. साडेपाचला जनरल शिफ्ट सुटते. मुद्दाम सांगितलं, उगाच साळसूदपणा कशाला?

भरीत केलं, भाकरी केल्या. साडेसहाला त्याचा फोन. "आळंदीपाशी अडकलो. थांबजो जेवायला." मी हो म्हटलं. सातला पान वाढून घेतलं, चवीने जेवले, उरलेलं शेजारी दिलं आणि भांडी घासून पालथी घातली.

पावणेनऊला तो दारात आला, घामाने भिजलेला. त्याची नजर ओट्याकडे गेली. "जेवली तू?"

"दीड तासाचं तर विमान. पाच तास झाले, आला नाहीस. मला वाटलं, यायचंच नसेल तुला."

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मला बरं वाटलं, अजूनही वाटतं.

सकाळी निघताना म्हणाला, "घरी कवा येशील?" बाबा जेवायचे थांबणार होते, ते घर. तिथे आता कुणी थांबत नाही. मी कंपनीतल्या मैत्रिणीला सांगून ठेवलंय, माझं काही झालं तर इथेच, इंद्रायणीकाठी उरका. भावाला कळवा, पण त्याच्यासाठी थांबू नका.