सवतीचा टाक

माझ्या नवऱ्याची पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांतच तापानं गेली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं तिचा टाक, म्हणजे तिच्या नावानं ठसवलेला चांदीचा छोटा पत्रा, देवघरात आहे. रोज सकाळी त्याला हळदकुंकू मी वाहते. नवीन साडी आणली की आधी त्या टाकापुढं ठेवायची, मगच मी नेसायची. एकवीस वर्षं मी तिच्या उतरलेल्या साड्या नेसतेय, असंच मला वाटतं.

परवा कळंबला कॉलेजात शिकणारी आमची पोरगी सुट्टीला आली होती. जेवताना तिनं विचारलं, "मेलेल्या एकाच माणसाला परत आणता आलं, तर कुणाला आणाल?"

ह्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "माझ्या आईला."

पण त्याआधी ह्यांची नजर देवघराकडं गेली होती. पोरीला ते दिसलं नाही, मला दिसलं.

"आई, तू कुणाला?"

मी टाकाकडं बोट केलं. "हिला."

"तिला कशाला?" हे दचकून म्हणाले.

"असंच. लई वर्षं पूजा केली, एकदा भेटू तरी."

खरं कारण मी सांगितलं नाही. ती फोटोत अजून बावीस वर्षांची आहे आणि माझे गुडघे धरलेत. तिनं यावं, गॅसपुढं उभं राहावं, तिचे केस पांढरे व्हावेत, पाहुण्यांसमोर तिची आमटी खारट व्हावी. आणि हे माझ्यावर ओरडतात तसं तिच्यावर ओरडलेलं मला एकदा ऐकायचंय.