माणूस नसलेला संगणक

कॉलेजात तिला सगळे ‘व्हायरसबाई’ म्हणत. इतर मुलं संगणकातले व्हायरस काढून टाकत. ही ते जपून ठेवायची. पदवीच्या शेवटच्या वर्षी एका प्रयोगशाळेत शिकाऊ मालवेअर विश्लेषकाची, म्हणजे असे घातक प्रोग्राम तपासणाऱ्याची, जागा निघाली. उमेदवाराने एक संशयित फाइल तपासून ती काय करते ते शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचं. अहवाल एकदाच पाठवायचा.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिने त्याच्या पोटात एक बनावट संगणक उभा केला, इंटरनेटपासून तोडलेला, आणि फाइल त्यात उघडली. दोन दिवस फाइल ढिम्म. गुरुवारी तिने ‘निरुपद्रवी’ असं लिहून अहवाल पाठवून दिला.

शुक्रवारी दुपारी आई घरी आली. आई बावीस वर्षं घरोघरी टपाल वाटते. खांद्यावरची पिशवी उतरवताना तिचं लक्ष पडद्यावर अजून उघड्या असलेल्या बनावट संगणकाकडे गेलं.

“हा कुणाचा गं?”

“कुणाचाच नाही. खोटा आहे.”

“वाटलंच. इथं कुणी राहत नाही हे फाटकातूनच कळतंय. ना एक फोटो, ना कसला पसारा. तुझा बघ, नुसता उकिरडा!”

“आई, पुरे.”

म्हणाली खरी, पण तिचा हात थांबला. फाइललाही ते फाटकातूनच कळलं असेल तर? आपल्यावर पाळत आहे हे ओळखून ती सोंग घेऊन पडली असेल तर?

मग तिने त्या संगणकात एक माणूस वसवला. अर्धवट लिहिलेला राजीनामा, तिरके आलेले फोटो, बहिणीच्या वाढदिवसाची यादी. आई शेजारी बसून सुचवत होती, “पाणी येत नाही म्हणून तक्रारीचं पत्र टाक. ते प्रत्येक घरात असतं.” मग फाइल पुन्हा उघडून, कामाचा कंटाळा आलेल्या माणसासारखा माउस इकडेतिकडे फिरवत ती बसून राहिली.

अकराव्या मिनिटाला फाइल जागी झाली. राजीनामा, फोटो, तक्रार, एकेक करून सगळं कुलूपबंद होत गेलं.

“आता गं?” आईने विचारलं.

“दुसरा अहवाल पाठवला तर नियम मोडला म्हणून बाद. नाही पाठवला तर चुकले म्हणून बाद.”

“मग खरं सांगून बाद हो.”

तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना फोन लावला.

“मॅडम, माझा अहवाल चुकलाय. फाइल घातक आहे.”

“अहवाल एकदाच घेतो आम्ही.”

“माहीत आहे. मला घेऊ नका, पण तो शब्द तेवढा खोडा. उद्या कुणी माझ्यावर विश्वास ठेवून ती उघडेल.”

बाईंनी विचारलं, “जागी कशी केलीस?”

तिने सांगितलं. राजीनाम्यापाशी बाई हसल्या. “सोमवारी ये. महिनाभर तुझं काम बघते, मग पुढचं. आणि नव्या अहवालात ही चूक पहिल्या पानावर लिही. इथं सगळेच लिहितात.”

पाच वाजायला वीस मिनिटं होती. तिने कोरं पान उघडलं आणि पहिली ओळ लिहिली: मी चुकले ती अशी.