दोनशब्दे आणि रिकाम्या जागांचं भाषण

दोनशब्दे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वीज कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकता ऐकता त्यांचे केस पिकले, पण ओळख मात्र भलतीच झाली. कुणाची बदली असो, कुणी निवृत्त होवो की कुणी देवाघरी जावो, माईकपाशी हे हजर. "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," अशी सुरुवात करायची आणि समोरच्यांच्या पायांना मुंग्या येईस्तोवर थांबायचं नाही. म्हणून दोनशब्दे.

बरं, बोलायचे झकास. फक्त भाषण एकच. सत्कारमूर्ती बदलायची, भाषण तेच. मितभाषी, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, मग एका डोळ्यात आसू, एका डोळ्यात हसू, मग "शेवटी एवढंच म्हणेन." या वाक्याला कँटीनवाला चहाचं आधण ठेवायचा, कारण चहा उकळून गाळून होईपर्यंत भाषण संपत नाही, हा त्याचा अनुभव. एकदा तर घाईगडबडीत निरोपाच्या भाषणात शोकसभा शिरली, आणि समोर मजेत बिस्कीट खात बसलेल्या हेडक्लार्कच्या आत्म्याला यांनी शांती चिंतली. हेडक्लार्क उभे राहून ओरडले, "अहो, मी फक्त रिटायर होतोय!"

तर अशा या माणसाच्या बायकोची निवृत्ती आली.

बाई मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत मुकादम. तळघरातली खोली, भिंतींना कायम घाम, एकीकडे पोटात चादरी घुसळणारी अजस्र यंत्रं आणि दुसरीकडे वाफेचा रोलर. त्या गदारोळात बोलायचं म्हणून बाईंचा आवाज असा तयार झालेला, की घरी त्यांनी "मीठ द्या" म्हटलं तर शेजारी मीठ घेऊन यायचे. इस्पितळाच्या साहेबांनी दोनशब्द्यांचं नाव परस्पर वक्त्यांत घालून टाकलं. बाईंनी ते ऐकलं आणि टॉवेलाची घडी घालता घालता म्हणाल्या, "बोला, माझी ना नाही. पण ते मितभाषी-मनमिळाऊचं गाठोडं माझ्यासमोर सोडलंत, तर भर सभेतून उठून घरी जाईन."

"अगं, गमतीनं म्हणतेस ना?"

"आमच्या त्या इस्त्रीवाल्याला तुम्ही कर्तव्यदक्ष म्हणालात. मेला चादरींच्या ढिगात झोपा काढायचा! आता तोच उष्टा शब्द मला? नको."

दोनशब्द्यांनी ही धमकी मनावर घेतली. कारण बाई बोलली म्हणजे करणार. एकदा सिनेमा रटाळ निघाला, तर मध्यंतरात यांना खुर्चीत तसंच सोडून ती घरी येऊन जेवून बसली होती.

मग कागद घेऊन बसणं आलं. पण सवयीच्या बैलासारखा हात आपोआप त्याच वाटेनं जायचा. पेन टेकलं की "मितभाषी" उमटायचं. जिचा आवाज तीन मजले चढून वॉर्डात पोचतो, ती म्हणे मितभाषी!

शेवटी माहेरी आलेल्या लेकीला दया आली. तिनं लॅपटॉप उघडला. "बाबा, ही एक साइट आहे. नाव घालायचं, प्रकार निवडायचा, बटण दाबायचं. मजकूर तयार."

'निरोपाचं भाषण' निवडून तिनं आईचं नाव घातलं. क्षणात पडद्यावर ओळी आल्या: मितभाषी, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, एका डोळ्यात आसू…

दोनशब्दे ताडकन उठले. "चोर! हे माझं भाषण आहे!"

"तुमचं कसलं, बाबा? अख्ख्या जगाचं आहे. हे बघा हं." तिनं आईचं नाव पुसलं आणि तिथं 'छताचा पंखा' लिहिलं. यंत्राला त्याचं काय? त्यानं लिहिलं: 'श्रीयुत पंखा यांनी संस्थेसाठी आयुष्य झिजवले. शांत, मितभाषी स्वभावामुळे ते सर्वांचे लाडके होते.' डोक्यावर श्रीयुत पंखा खडखड खडखड करत होते.

दोनशब्द्यांना आधी राग आला, मग हसू, आणि मग असा काही चेव आला की विचारू नका. लेकीला बाजूला सारून ते स्वतः खुर्चीत बसले. भयकथेत बटाटा घातला: 'मिट्ट काळोख. दार करकरलं. पोत्याच्या तळाशी तो वाट पाहत होता.' राशिभविष्यात कपाट घातलं: 'प्रवासाचे योग. जवळच्या व्यक्तींशी वाद टाळा.' पर्यटनात न्हाणीघर: 'निसर्गाच्या कुशीतलं, खळाळत्या पाण्याचं, एकदा तरी अनुभवावं असं!' शेजारचे काका वर्तमानपत्र मागायला डोकावले, तर हेरकथेत अडकले: 'काकांनी सिगारेट विझवली. म्हणाले, खुनी याच खोलीत आहे.' काका बिचारे वर्तमानपत्र न घेताच परतले.

"कळलं का गं तुला?" डोळे पुसत दोनशब्दे म्हणाले. "भुताला काळोख लागतो, हेराला सिगारेट, निवृत्ताला मनमिळाऊपणा. प्रत्येक लिखाणाचा गणवेश ठरलेला. आत पंखा आहे की बायको, हे गणवेशाला माहीतच नसतं!"

"मग आईला दुसरा गणवेश घालून बघू," म्हणत लेकीनं यादीतलं 'उपकरणाची सूचनापुस्तिका' निवडलं. पडद्यावर आलं: 'वापरण्यापूर्वी सूचना नीट वाचा. उपकरण चालू असताना झाकण उघडू नये. बिघाड झाल्यास स्वतः दुरुस्तीचा प्रयत्न करू नये.'

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"बंद कर ते," दोनशब्दे कुजबुजले. "आता रिकाम्या जागा मीच भरतो."

निरोपाच्या दिवशी बाई पहिल्या रांगेत बसल्या. पर्स मांडीवर, चपला पायांत घट्ट. उठायची पूर्ण तयारी. दोनशब्दे माईकपाशी आले. सवयीनं म्हणाले, "मी फक्त दोन…" बाईंनी पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला. दोनशब्द्यांनी घाईघाईनं कागद उघडला.

"सूचनापुस्तिका. उपकरण: माझी बायको. वापरण्यापूर्वी नीट वाचा. मी वाचली नव्हती. परिणाम तुमच्यासमोर माईकपाशी उभा आहे."

सभागृहात खसखस पिकली.

"पहिला चहा आत गेल्याशिवाय उपकरणाशी बोलू नये. उपकरणाचा आवाज वाढल्यास घाबरू नये. आवाज अचानक बंद झाल्यास मात्र घाबरावे, आणि आपण काय केलं ते आठवावे. कोट धुवायला देताना खिसे तपासावेत. कुठल्या डॉक्टरांच्या खिशात कुणाच्या चिठ्ठ्या निघाल्या, हे उपकरणाला पक्कं ठाऊक आहे. त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही."

दोन डॉक्टर एकाएकी छताचं निरीक्षण करू लागले आणि एक नर्स लालेलाल झाली. मागं चहासाठी मुद्दाम बोलावलेला वीज कचेरीचा कँटीनवाला 'शेवटी एवढंच'ची वाट पाहत रिकामं पातेलं घेऊन ताटकळला होता.

"नवी लागलेली बाई रडू लागली, तर उपकरण तिला वाफेच्या रोलरपाशी उभी करतं. तिथं डोळ्यांतलं पाणी घामात खपून जातं, कुणाला कळत नाही. ही सोय दुसऱ्या कुठल्याही मॉडेलमध्ये नाही."

लाँड्रीतल्या बायका हसता हसता थांबल्या. एकीनं नाक ओढलं.

आणि बाई उठल्या.

बाई दाराकडे वळल्या का? नाही. तरातरा मंचावर चढल्या, नवऱ्याच्या हातातून माईक घेतला. त्यांना माईकची गरज होती असं नाही.

"एक सूचना यांनी खोटी वाचली," बाई कडाडल्या. "माझा आवाज बंद झाला की घाबरावं म्हणे. हे कुठले घाबरतायत! हे झोपतात!"

सभागृहाचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. साहेब तर रुमालात तोंड खुपसून बसले. बाईंनी माईक परत दिला, पर्स टेबलावर ठेवली आणि नवऱ्याशेजारी ठाण मांडून उभ्या राहिल्या.

"हं, वाचा पुढचं. मी इथंच आहे, चुका काढायला."

दोनशब्द्यांनी कागद उलटला. पाठ कोरी होती.

"पुढची सूचना," ते म्हणाले, आणि ती काय असावी हे सुचायच्या आतच दोघं असे फिदीफिदी हसत सुटले, की माईकसुद्धा किंचाळला.